चोवीस घोडे आणि बोअरचे पाणी

पांढरकवड्याला आमच्या गॅरेजच्या मागच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने लिहिलेली एक यादी आहे. अब्बांच्या हातची. डावीकडे गाडीचे नाव, पुढे टॅपेटचा गॅप, त्यापुढे प्लगचा गॅप. राजदूत आणि येझदीसमोर टॅपेटच्या जागी नुसती रेघ आहे, कारण टू-स्ट्रोक इंजिनला टॅपेट नसतातच. त्याखाली स्प्लेंडर, बॉक्सर, बुलेट, युनिकॉर्न आणि सर्वांत शेवटी इम्पल्स. त्यानंतर अब्बांनी काही लिहिले नाही. २०१८ च्या हिवाळ्यात ते अल्लाहला प्यारे झाले. आम्ही, म्हणजे दोघे भाऊ, तेव्हापासून हे गॅरेज चालवतो. हिशेबाची वही अम्मीकडे असते.

कौटुंबिक मासिकात गाडीच्या इंजिनावर लेख कशाला, असे काही भगिनींना वाटेल. ज्या घरात मुलगा अठरा वर्षांचा झाला आहे, त्या घरच्या आईला विचारून पाहा. जेवायला बसले की विषय गाडीचाच निघतो. आमच्या घरी तर तो गेली दोन वर्षे चालू आहे, आणि त्यात आमची एक चूकही गुंतलेली आहे.

आधी आमचा मुलूख सांगायला हवा. हायवे सोडला की आमच्याकडे रस्ता किती तास टिकेल हे पावसावर असते. काळी माती. कपाशीला सोन्यासारखी, चाकाला शिक्षा. पहिल्या मोठ्या पावसानंतर ती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये अशी बसते की गाडी ढकलावीही लागत नाही, उचलावी लागते. खुनी नदीला पूर आला की पलीकडची गावे तुटतात. झरी-जामणीकडे कोलामांचे पोड आहेत, टिपेश्वरचे जंगल आहे. तिकडे रोज जाणारी माणसे ठरलेली. गुरुजी, वनरक्षक, नर्सबाई, बियाणे-औषधांचे प्रतिनिधी. शहरात ज्याला ऑफ-रोड म्हणतात आणि रविवारी हौसेने करतात, ते यांचे सोमवार ते शनिवारचे काम आहे.

अशा माणसांसाठी उंच गाडी आपल्याकडे उशिरा आली. २०११ मध्ये हीरोने इम्पल्स काढली. १५० सीसीचे इंजिन, जेमतेम १३ अश्वशक्ती. गाडी उंच, मडगार्ड चाकापासून वर, सस्पेन्शन लांब. सांगाडा पहिलवानाचा आणि दम पोराचा, असे अब्बा म्हणायचे. तरी त्यांना ती आवडायची. चिखलातून येई आणि आवाज न करता परत जाई. लोकांनी मात्र फारशी घेतली नाही आणि काही वर्षांत ती बंद झाली.

मग मे २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली. १९९.६ सीसी, १८.४ अश्वशक्ती, १७.१ न्यूटन-मीटर टॉर्क, पोटाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा, वजन १५४ किलो. ती दोन प्रकारांत मिळायची, एक कार्बोरेटरची आणि एक इंजेक्शनची. कार्बोरेटरची गाडी तेव्हा शोरूमला ९७ हजारांना होती. आम्ही गिऱ्हाइकाला कार्बोरेटरचीच सुचवायचो. कारण विचारले की 'तिकडे जंगलात बंद पडली तर इंजेक्शन कोण दुरुस्त करेल?' असे सांगायचो. ते खोटे नव्हते, पण पूर्ण खरेही नव्हते. इंजेक्शन आम्हालाच येत नव्हते.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि कार्बोरेटर गेला. धूर कमी करायचा तर पेट्रोल थेंबाथेंबाने मोजूनच आत सोडावे लागते, आणि ते काम सेन्सर आणि कॉम्प्युटर करतात. त्या वर्षीच्या एक्सपल्सला ऑइल कूलर मिळाला, पण ताकद १८.४ वरून १८.०८ वर आली आणि टॉर्क १६.४५ वर. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, कंपनीने तेच इंजिन दोनाऐवजी चार व्हॉल्व्हचे केले. अम्मीला आम्ही ते असे समजावले: लग्नाच्या दावतीत हॉलला आत यायला एक दार आणि बाहेर जायला एक दार असेल तर पंगत उठायला वेळ लागतो, दोन-दोन दारे केली की तेवढ्याच हॉलमध्ये जास्त पंगती उठतात. ताकद १९.१ झाली, टॉर्क १७.३५. आमच्या मते त्या वर्षीचा खरा फायदा या आकड्यांत नव्हता. गिअरचे दात बदलले होते. पहिला-दुसरा गिअर चिखलात जास्त ओढू लागला. पेपरातल्या जाहिरातीत ते कुणी वाचत नाही. नाल्याचा चढ चढताना मात्र मांडीला कळते.

आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात एक्सपल्स २१० आली. सीसी दहानेच वाढले, ताकद एकदम २४.६ झाली, टॉर्क २०.७, आणि पाचाऐवजी सहा गिअर. धाकट्याने मोबाइलवर हे वाचून जेवताना जाहीर केले तेव्हा अम्मी म्हणाली, "एकोणीस घोडे होते ना? मग हे वरचे पाच घोडे बांधायचे कुठे?"

पुढच्या जुम्याला ही गोष्ट आम्ही मशिदीत मौलाना साहेबांना सांगितली. ते खूप हसले आणि म्हणाले, "बेटा, सूरह आदियात पढा. त्यात धावणाऱ्या घोड्यांची शपथ आहे, पण विषय घोड्यांचा नाही, त्यावर बसणाऱ्याचा आहे." एवढे बोलून ते वुजू करायला गेले. ते वाक्य आमच्यात बराच काळ फिरत राहिले.

दहा सीसीत एवढे घोडे आले कुठून? तीन गोष्टींतून. एक, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम एकाऐवजी दोन झाले, त्यामुळे इंजिन जास्त वेगाने फिरू शकते. दोन, ती ताकद वरच्या फेऱ्यांवर घेतली आहे. २४.६ हा आकडा मिनिटाला ९,२५० फेऱ्यांवर मिळतो. पाटणबोरीच्या मागच्या पांदणीत एवढ्या फेऱ्यांवर गाडी नेणारा माणूस आम्ही अजून पाहिला नाही. टॉर्कसुद्धा जुन्या गाडीत ६,५०० वर पूर्ण मिळायचा, नव्यात ७,२५० वर. हायवेला हे सुखाचे आहे. चिखलात गाडी हळू, पण न थांबता ओढायला हवी, तिथे कागदावरच्या पाच घोड्यांपैकी किती हजर असतात ते ज्याने त्याने चालवून बघावे. शिवाय गाडी १५४ किलोंवरून १६८ किलोंवर गेली आहे. पडली तर उचलायची एकट्याने आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे पाणी. नवे इंजिन पाण्यावर थंड होते, आणि हीच गोष्ट आमच्या कामाची.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनला बाहेरून पंख्यासारख्या पट्ट्या असतात आणि गाडी पळाली की वारा त्यांना गार करतो. चढावर, रेतीत, पहिल्या गिअरमध्ये माणूस चालतो त्या वेगाने गाडी निघाली की वारा कुठून येणार? इंजिन तापते, ऑइल पातळ होते, पिस्टन घासतो. इथे पाण्याचे इंजिन खरोखर सरस आहे. सिलिंडरभोवती पाण्याची पिशवी असते, पंप ते फिरवतो, समोरच्या रेडिएटरमध्ये ते गार होते, गाडी उभी असली तर पंखा सुरू होतो. झाकण प्रेशर कुकरसारखे दाबून बसते, म्हणून आतले पाणी शंभर अंशांनाही उकळत नाही. त्यात नुसते पाणी नसते, कूलंट असते. गंज रोखणारे, उशिरा उकळणारे रसायन आणि शुद्ध केलेले पाणी.

हे सगळे आज आम्ही पाठ असल्यासारखे लिहितो आहोत. २०२३ मध्ये आम्हाला ते असे येत नव्हते.

त्या वर्षी दिवाळीनंतर एका पोडावर शिकवणारे गुरुजी त्यांची गाडी घेऊन आले. जुनी विकत घेतलेली, पाण्यावर थंड होणारी. गाडीचे नाव सांगण्याचे कारण नाही, चूक गाडीची नव्हतीच. कूलंट कमी झाले होते. आम्ही पाहिले, पाइपचा क्लॅम्प सैल वाटला, आवळला, आणि गॅरेजमागच्या बोअरचे पाणी भरून दिले. "पाणीच त आहे सर, त्याचे काय पैसे." महिन्याने पुन्हा कमी. पुन्हा भरले. गळती क्लॅम्पची नव्हतीच, पंपाचे सील थेंब-थेंब गळत होते. ते शोधायला पंप खोलावा लागला असता आणि पंप आम्ही कधी खोलला नव्हता. म्हणून पाणी भरत राहिलो. उन्हाळ्यापर्यंत पाच-सहा वेळा.

मे २०२४ मध्ये गुरुजी छोटा हत्तीत गाडी घालून आले. दुपारी पोडाकडून येताना इंजिन तापले, लाल दिवा लागला, सावली दिसेपर्यंत दोन किलोमीटर त्यांनी तशीच रेटली, मग बंद पडली. ऑइलचे झाकण उघडले तर आत दुधाच्या चहासारखा रंग. म्हणजे हेडचे गॅस्केट गेले आणि पाणी ऑइलमध्ये मिसळले. गुरुजी बिचारे घामाने भिजलेले. म्हणाले, "माहीच चूक हाय भाऊ. लाल लाइट लागला तवाच बंद कराले पाह्यजे होती. घाई झाली."

आम्ही काही बोललो नाही.

रेडिएटर काढून पाहिला तेव्हा आतल्या बारीक नळ्यांत पांढरी-तांबूस खरड गच्च बसली होती. निम्म्या नळ्यांतून पाणी जात नव्हते. संध्याकाळी घरी आम्ही दोघे हळू आवाजात बोलत होतो. धाकटा म्हणाला, ते स्वतःच म्हणत आहेत की त्यांची चूक आहे. मोठा म्हणाला, तापली तरी चालवली हे तर खरेच आहे ना. अम्मी चहा करत होती. तिने विचारले, कसली खरड? आम्ही सांगितले. तिने पाणी तापवायचे जुने पातेले खाली काढले आणि आतून दाखवले. तळाला आणि कडेला पांढरा थर. दर महिन्याला ती तो व्हिनेगर टाकून खरवडते.

"हीच ना?" ती म्हणाली. "बोअरचे पाणी तुम्हीच भरत होतात ना?"

त्या रात्री इशाच्या नमाजला उभे राहिलो तेव्हा आमचे लक्ष नमाजमध्ये किती होते ते अल्लाहलाच ठाऊक. गुरुजींना काही कळणार नव्हते. रेडिएटर आमच्याच बाकावर पडला होता. दोन किलोमीटर रेटल्याची कबुली त्यांनी स्वतः दिली होती. बिल त्यांच्या नावावर करायला कुणाची आडकाठी नव्हती. अब्बा गाडीला अमानत म्हणायचे. दुकानात उभी असलेली प्रत्येक गाडी अमानत. पण अब्बांच्या काळात गाडीत पाणी नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्या रात्री हाही विचार मनात येऊन गेला.

सकाळी गुरुजींना फोन करून बोलावले. पातेले आणि रेडिएटर शेजारी ठेवून दाखवले. सील आम्हाला सापडले नाही, पाणी चुकीचे भरले, लाल दिवा लागल्यावर तुम्ही गाडी चालवली हे खरे, पण दिवा लागला तो आमच्यामुळे. ते बराच वेळ रेडिएटर उलटसुलट करून बघत बसले. नंतर एवढेच म्हणाले, "मंग पहिल्याच टायमाले सांगाचं ना, का हे आपल्याले येत नाही." आणि निघून गेले.

रागावले असते तर बरे वाटले असते.

नवा रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट, गॅस्केट, हेड सपाट करायला लेथचा खर्च, ऑइल दोनदा, सगळे मिळून एकोणीस हजार. धाकट्याने एक्सपल्ससाठी बाजूला काढलेले आणि अम्मीच्या भिशीचे असे मिळून ते भरले. हेड उतरवताना प्रत्येक बोल्ट कुठला ते पुठ्ठ्यावर चित्र काढून टोचून ठेवला होता. यवतमाळचे एक ओळखीचे मिस्त्री फोनवर बसून सांगत होते आणि आम्ही करत होतो. गाडी सुरू झाली तेव्हा पंखा लागेपर्यंत आम्ही दोघे तिच्यासमोर उकिडवे बसून होतो. पंखा लागला तेव्हा धाकट्याने जोरात 'अल्हम्दुलिल्लाह' म्हटले आणि समोरचा चहावाला बघायला आला.

गुरुजींनी ही गोष्ट लपवली नाही, आणि लपवावी असे आम्ही सांगितलेही नव्हते. गावात आमचे नाव 'पाणीवाले भाई' पडले. दोन-तीन जुनी गिऱ्हाइके तुटली. बाकीचे गाडी लावताना विचारायचे, "मिस्त्री, बोअरचं त नाही ना टाकत?" पहिले काही महिने हे फार लागायचे.

पाऊस संपल्यावर धाकटा पंधरा दिवस यवतमाळला त्या मिस्त्रींकडे राहिला. स्कॅनर लावायला शिकला. एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा आला, त्यात गाडीनेच स्वतःवर नजर ठेवायची आणि बिघाड झाला की दिवा लावायचा असे आहे. दिवा का लागला ते स्कॅनर सांगतो. पण स्कॅनर फक्त तक्रार सांगतो, कारण सांगत नाही, हे तो पहिल्याच आठवड्यात शिकला. सेन्सर खराब असे यंत्राने दाखवले आणि प्रत्यक्षात उंदराने वायर कुरतडली होती. आता आमच्याकडे एक साधा स्कॅनर आहे. दिवा लावून दार बंद केलेल्या खोलीबाहेर उभे राहावे तसे वाटायचे, ते आता वाटत नाही. खोली अजून पूर्ण पाहिली नाही, एवढेच.

आणि जिथे येत नाही तिथे आम्ही सांगतो. हे वाक्य लिहायला सोपे आहे. गिऱ्हाईक समोर उभे असते, शेजारच्या गॅरेजवाल्याने 'लावा, बघतो' म्हटलेले असते, तेव्हा तोंडातून निघत नाही. मागच्या महिन्यातच एका गाडीचे ब्रेकचे एबीएस युनिट आम्ही खोलले नाही, यवतमाळला पाठवले. शंभर रुपयेही मिळाले नाहीत. ब्रेकच्या बाबतीत पुन्हा पाण्यासारखे होऊ नये म्हणून.

धाकट्याची २१० अजून आलेली नाही. निघाली तेव्हाच शोरूमची किंमत पावणेदोन लाखांच्या वर होती. हप्त्यावर मिळते, पण व्याजाचा पैसा घरात आणायचा नाही हे अब्बांपासून ठरलेले आहे, आणि तो त्यावर वाद घालत नाही. वाद घालतो तो डाकार रॅलीवरून. ती २०२० पासून सौदी अरबस्तानात होते. २०२४ मध्ये हीरोच्या गाडीवर बोत्स्वानाचा रॉस ब्रँच दुसरा आला, आणि केरळच्या शोरनूरचा हरिथ नोआ शेरको टीव्हीएसकडून अकरावा, आपल्या गटात पहिला. नात्यातले कुणी उमऱ्याला निघाले की धाकटा त्यांना वाळवंटात रॅली कुठून जाते ते सांगत बसतो. त्यांना त्यात काही रस नसतो. आम्ही त्याला म्हणतो, ती ४५० सीसीची स्पर्धेची गाडी आहे, तिचा दुकानातल्या गाडीशी संबंध नावापुरता. तो म्हणतो, घोडा घोडाच असतो.

यंदा पहिल्या पावसानंतर एक वनरक्षक २१० घेऊन आला. गावातली आम्ही जवळून पाहिलेली ती पहिलीच. टिपेश्वरच्या कडेच्या रस्त्याने आला होता, गाडी ओळखू येत नव्हती. "नुसती धुऊन द्या," म्हणाला. धाकट्याने आधी रेडिएटरकडे पाहिले. जाळीत काळी माती भरून वाळली होती, वारा जायला जागाच नव्हती. जोराच्या फवाऱ्याने त्या पातळ पट्ट्या वाकतात, म्हणून त्याने मागच्या बाजूने हळू पाणी सोडून, मऊ ब्रशने, अर्धा तास ती माती काढली. वनरक्षक घड्याळ बघत होता. टाकीतली कूलंटची पातळी खुणेवर होती. पंपाच्या खाली बोट फिरवून पाहिले, कोरडे.

"पाणी टाका लागते का?" त्याने विचारले, आणि आपण काय विचारले ते लक्षात येऊन जरा ओशाळला.

"नाही," धाकटा म्हणाला. "आणि लागलंच कधी तर वाटेत कुठलंबी भरू नका. फोन करा."

तो गेल्यावर धाकट्याने पेंटचा जुना डबा शोधून काढला. रंग वाळून दगड झाला होता, मग खडूच घेतला. इम्पल्सच्या खाली २१० लिहिले. प्लगच्या गॅपचा आकडा गाडीच्या पुस्तकातून घेतला होता, तो टाकला. टॅपेटच्या जागी तो थोडा थांबला. हे इंजिन आम्ही अजून उघडलेले नाही. ती जागा त्याने रिकामी सोडली आणि बाजूला एक नवा रकाना आखून त्यात लिहिले: कूलंट.